वाऱ्याचे निळे-तांबडे पट्टे

वेधशाळेत सगळे त्यांना फुगेवाल्या बाईच म्हणत. रोज सकाळी माणसाहून उंच फुगा भरायचा, खाली यंत्राची डबी बांधायची, अंगणातून सोडायचा आणि कुठल्या उंचीवर वारा कुठून येतोय ते तक्त्यात उतरवायचं. विषुववृत्त अगदी जवळ. वर्षभर हवा सारखीच, त्यामुळे नवी माणसं दोन महिन्यांत कंटाळून बदली मागत. बाई बावीस वर्षं टिकल्या.

एका वर्षी त्यांना जाणवलं, की बारा किलोमीटरवरचा वारा दोन दिवस उत्तरेकडून येतो, मग दोन दिवस दक्षिणेकडून, मग पुन्हा उत्तरेकडून.

"यंत्र बिघडलंय, बाई. खोडून टाका ते आकडे," साहेब म्हणाले.

"साहेब, यंत्र रोज नवं असतं. रोजचं नवं यंत्र बिघडेल, तेही दोन-दोन दिवसांच्या पाळीने?"

साहेबांनी नुसता पंखा वाढवला. बाईंनी एकही आकडा खोडला नाही.

घरी शिवणकाम करणाऱ्या नणंदेचं कापड बेतायचं लांबलचक टेबल होतं. त्यावर बाईंनी तीन महिन्यांचे तक्ते पसरले. उत्तरेच्या वाऱ्याला निळी पेन्सिल, दक्षिणेच्या वाऱ्याला तांबडी. नणंद कात्री हातात धरून बघत राहिली.

"वहिनी, हे तर पट्ट्यापट्ट्यांचं कापड झालं की! पण हे पट्टे इथलेच, का सगळीकडचे?"

प्रश्न बाईंच्या डोक्यात घर करून बसला. पूर्वेला दोन हजार किलोमीटरवर दुसरी वेधशाळा होती. तिथल्या म्हाताऱ्या निरीक्षकांना बाईंनी कधी पाहिलंही नव्हतं. तरी पत्र टाकलं, आणि त्यांनी आकड्यांचा गठ्ठाच पाठवला. बाईंनी तोही रंगवला. तेच पट्टे, फक्त प्रत्येक पट्टा एक दिवस आधीचा! म्हणजे वरच्या हवेतून एक लाट पश्चिमेकडे चालली होती, आणि ती दोन्ही वेधशाळांवरून जात होती. बाई दोन्ही कागद घेऊन साहेबांकडे गेल्या.

साहेबांनी दोन्ही कागद बराच वेळ न्याहाळले. मग म्हणाले, "चुकलो मी." अहवालावर त्यांनी स्वतःच्या हाताने बाईंचं नाव घातलं.

मुख्य कार्यालयातले तज्ज्ञ म्हणाले, अशी लाट पुस्तकात आहे.

"मग माझे आकडे बरोबर होते तर!" बाई खुलून हसल्या. कार्यालयाने 'संशयास्पद' शेरा मारून बाजूला टाकलेले बाईंचे जुने तक्तेही मग सन्मानाने परत आले.

आता अधूनमधून पूर्वेकडून फोन येतो. "बाई, इथे वारा फिरला हो!"

"येऊ दे उद्या इकडे," म्हणत बाई निळ्या पेन्सिलीला टोक काढायला घेतात.