पंच्याहत्तरीचा बिअर केक

तिसरा केकही मधोमध बसला, तेव्हा हेर लिंडनर माझ्या टेबलापाशी आले. त्यांनी बोटाने खड्डा दाबून पाहिला आणि म्हणाले, "फ्राऊ गोखले, यात सूप छान वाढता येईल."

हेर लिंडनर म्हणजे माझे बॉस. जर्मनीत, रेगेन्सबर्गमध्ये त्यांची बेकरी आहे, पुढे ब्रेड आणि मागे केक. मी पुण्याची, पंधरा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलेली. नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आले आणि चाळिशी ओलांडल्यावर केक-पेस्ट्रीचं रीतसर शिक्षण घेतलं. वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या आया माझ्याहून लहान होत्या. आता माझी प्रोबेत्साइट चालू होती, म्हणजे नोकरीतले परीक्षेचे सहा महिने. तेवढ्या काळात मालक कारण न देता नारळ देऊ शकतो, आणि माझा शेवटचा आठवडा उरला होता. बाकी ज्या दुकानांत अर्ज केले होते, त्यांनी साधं 'नाही' म्हणण्याचीही तसदी घेतली नव्हती. मला ही नोकरी हवी होती. अगदी मनापासून हवी होती.

आणि अशा वेळी समीरचा फोन आला होता. समीरही पुण्याचाच, इथे एका सॉफ्टवेअर कंपनीत. "ताई, शनिवारी आईची पंच्याहत्तरी आहे. साठ माणसं. दोन मजली चॉकलेट केक हवा. फक्त अंडं नको."

फक्त! हेर लिंडनरांनी ऑर्डर ऐकली आणि म्हणाले, "तुमची माणसं आहेत, तुम्हीच करा. तुमच्या काँट्रॅक्टचं सोमवारी बोलू." बिनअंड्याचा केक त्यांना चाकाशिवायच्या गाडीसारखा वाटतो. तीस वर्षांत असली मागणी त्यांनी शांतपणे ऐकल्याची ही पहिलीच वेळ होती, असं काउंटरवरच्या बाईंनी मला सांगितलं. त्यामुळे मला फारच धीर आला.

केकमध्ये अंडं दोन कामं करतं. हवा धरून ठेवतं आणि सगळं एकत्र बांधतं. आपण घरी दही-सोडा घालून काम भागवतो, आणि एकमजली केकला ते चालतंही. पण वर दुसरा केक आणि भरीला बटरक्रीमचं ओझं आलं, की दह्याचा केक हात टेकतो. माझ्या तिन्ही केकांनी तेच केलं.

"डुंकल घाला," हेर लिंडनर म्हणाले. डुंकल म्हणजे इथली काळसर बिअर.

"बिअर?"

"गेनाऊ, अगदी बरोबर. ती जराशी आंबट असते, त्यामुळे सोडा फसफसतो आणि केक फुगतो. माल्टमुळे ओलावा राहतो. बांधायला सफरचंदाचा शिजवलेला गर घाला. आणि मिश्रण झालं की लगेच ओव्हनमध्ये. विचार करत बसू नका."

मी भीतभीत बिनअल्कोहोलच्या बिअरचं नाव काढलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी तो विषय स्वतःच मागे घेतला.

चौथा केक बसला नाही. वर दोन किलो पिठाची पिशवी ठेवून पाहिली, तरी नाही. काळाभोर, मऊ, आणि चवीला किंचित कडवट, चॉकलेटला शोभेल असा. मी खूश झाले. मग आठवलं, की हा केक पंच्याहत्तर वर्षांच्या एका मराठी बाईंसाठी आहे.

मी समीरच्या घरी फोन केला. त्याच्या बायकोने, केतकीने, उचलला.

"बिअर? पण बेक झाल्यावर उडून जाते ना ती?"

"सगळी नाही जात. थोडी राहते."

"थोडीच ना. मग आईंना नका सांगू, म्हणजे झालं."

पाच मिनिटांनी समीरचा फोन. "ताई, तुमचं बोलणं मी बाहेरून ऐकलं. बिअरचं मला कळलंय हे केतकीला सांगू नका हं. तिला वाटेल मीच सुचवलं."

"अरे, काकूंना एकदा विचार ना."

"तिला कशाला उगाच टेन्शन?"

आपल्याकडे वडीलधाऱ्यांना फार मान असतो. इतका, की त्यांना काही विचारायची आपली हिंमतच होत नाही. अर्थात, मी तरी काय दिवे लावले? "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. सोमवार जवळ होता, चांगला झालेला केक हातात होता, आणि त्यावर चॉकलेटची फुलं काढण्यात माझी सदसद्विवेकबुद्धी पार गुंतून गेली होती.

शनिवारी सकाळी समीर आणि केतकी केक न्यायला आले. काकूंना गाडीतच बसवून ठेवायचं असा त्यांचा बेत होता. काकू उतरून आत आल्या. बारीक अंगकाठी, पायात स्पोर्ट्स शूज. केक पाहून म्हणाल्या, "छान केलाय हो."

तेवढ्यात हेर लिंडनर स्वतः बाहेर आले. उत्सवमूर्ती दुकानात आली म्हटल्यावर त्यांना राहवेना. "फ्राऊ गोखले, यांना सांगा, यात आपल्या गावची डुंकल आहे. आवडेल ना, विचारा."

समीर चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून मला मराठीत म्हणाला, "ताई, सांगा की जर्मन चॉकलेट आहे म्हणून."

सोपं होतं ते. हेर लिंडनरांना मराठी येत नाही आणि काकूंना जर्मन येत नाही. केक गेला असता, सोमवारी सही झाली असती. काकू माझ्याकडे बघत होत्या, आणि त्या बघण्यात माझ्यावर पुरता विश्वास होता. मला स्वतःची लाज वाटली.

"काकू, या केकमध्ये बिअर आहे. तुम्हाला चालेल का, असं विचारताहेत."

"नाही चालणार," काकू म्हणाल्या. भाजीवाल्याला 'पिशवी नको' म्हणावं, इतक्या सहज. मग त्या समीरकडे वळल्या. "आणि मुळात केक कोणी सांगितला? मला गोड आवडत नाही, माहीत नाही का तुला?"

समीरला माहीत नव्हतं. केतकीलाही नव्हतं.

काकूंनी काउंटरच्या काचेवर बोट ठेवलं. "हे काय आहे, गाठ मारलेलं?"

"ब्रेत्सेल. खारा पाव असतो. नुसतं लोणी घातलंय."

"मग मला हे दे."

हेर लिंडनरांनी स्वतः बशी आणली. काकूंनी उभ्याउभ्या अख्खं ब्रेत्सेल संपवलं आणि दुसरं बांधून घेतलं. केक समीर घेऊन गेला. काय घातलंय ते सगळ्यांना सांगून वाढला म्हणे, आणि साठ माणसांत एक तुकडाही उरला नाही.

सोमवारी मी लॉकरमधलं सामान पिशवीत भरूनच ऑफिसात गेले.

"मला मराठी येत नाही," हेर लिंडनर म्हणाले, "पण त्या मुलाचा चेहरा वाचता आला. तुम्ही खरं सांगितलंत म्हणून ठेवतोय. पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं, हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"मंगळवारपासून."

"आल्झो, असं तर. मग मंगळवार ते शनिवार गप्प बसल्याबद्दल महिनाभर ओव्हन तुम्ही घासायचे."

मी घासले. हल्ली केकची ऑर्डर घेताना मी पहिला प्रश्न विचारते, खाणार कोण आणि त्यांना विचारलंय का? बहुतेक जण म्हणतात, थांबा, विचारून पुन्हा फोन करतो.