मावशींनी सोडलेली जीप

देवीवर रागावूनच मी त्या दिवशी देवळाबाहेर पडले. कशेळ्याजवळ तिच्या दर्शनाला आलो होतो आणि तिच्याच पायऱ्यांवर माझी आठ वर्षांची लेक तोंडावर आपटली. समोरचा, दुधाचा दात पडून नुकताच आलेला पक्का दात अर्ध्याहून जास्त तुटला. आतली नस लालसर दिसत होती. नुसता वारा लागला तरी ती किंचाळायची. तिच्या तोंडाला पदर लावून मी रस्त्यावर आले. कर्जतकडे जाणारं एकही वाहन नव्हतं. एकच जीप उभी होती, तीही गच्च भरून वर डोंगराकडच्या वाड्यांना निघालेली. "आई, आता तूच बघ," एवढंच मनात आलं, तेही भांडल्यासारखं.

जीपमधल्या एका वयस्क मावशींनी वाकून लेकीकडे पाहिलं आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "पोरीला आदी कर्जतला ने रं. आमी थांबतो हितं." मग बाकीच्यांना, "उतरा गं, लेकराचे हाल बगवत नाय." कुरकुरत का होईना, सगळे उतरले. मी घाईत त्यांचं नावही विचारलं नाही.

कर्जतच्या दातांच्या डॉक्टरबाईंनी भूल देऊन नसेचा उघडा पडलेला भाग काढला, औषध लावलं आणि दाताच्याच रंगाचं सिमेंट भरून दात पुरा केला. म्हणाल्या, "मूळ अजून वाढतंय हिचं. लगेच आणलंत म्हणून खालची नस जिवंत ठेवता आली."

पुढच्या तपासण्याही चांगल्या निघाल्या, म्हणून लेकीला घेऊन देवीची ओटी भरायला गेले. तिथे तोच ड्रायव्हर भेटला. मी मावशींची चौकशी केली, तसा तो म्हणाला, "ताई, त्यांचा भाऊ शेवटच्या घटका मोजत व्हता. त्याला भेटाया निगाल्या व्हत्या. मी परत येऊन त्यांना पोचवलं, तवर तो गेला व्हता."

घर विचारत गेले आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "मावशी, तेव्हा सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू बसली असतीस व्हय जीपमदी?" एवढं बोलून त्यांनी लेकीला जवळ ओढलं. "हास बगू, बाय."

ती हसली. मावशी तो दात बघत राहिल्या. भरून आलेले डोळे मात्र पुसले नाहीत त्यांनी.

मी मागितलं आणि देवीने दिलं. पण ते कुणाच्या ओंजळीतून काढून दिलं, हे मला कळलं नव्हतं. आता हात जोडले की मागणं सुचत नाही. तुझ्या मनात असेल ते होऊ दे, म्हणते. आणि कधी न पाहिलेल्या त्या भावासाठी आणखी एकदा डोकं टेकते.