आमच्या आडनावाची किती घरं

आमचं आडनाव मी इथं सांगणार नाही. सांगितलं की परभणी जिल्ह्यातला कुणीतरी लगेच फोन करून म्हणेल, "आवं, मग आपून भावकीच की!" आणि या एका वाक्यापायी आमच्या घरात दोन महिने काय रामायण घडलं ते माझं मला माहीत.

मी अंगणवाडी सेविका. पिंगळी स्टेशनापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर आमचं गाव. घरोघर फिरून माणसं मोजणं हे माझं रोजचं काम. किती बाया, किती लेकरं, कोण गरोदर, कोणतं घर कुलूप लावून ऊसतोडीला गेलंय, सगळं माझ्या वहीत. पण स्वतःच्या आडनावाची घरं मोजायची पाळी येईल असं कधी वाटलं नव्हतं. तसं ते आडनाव तरी माझं कुठलं? लग्नात मिळालं, भांड्यांसोबत.

माझी लेक परभणीला दवाखान्यात नर्स आहे. दिवाळीला घरी आली होती. चकल्या पाडता पाडता म्हणाली, "आई, लग्न झाल्यावर मी आडनाव बदलणार न्हाई."

"नको बदलू बाई. आजकाल कोण बदलतंय?"

"तसं न्हाई गं. बदलायचं कामच पडणार न्हाई. आधार, बँक, पॅन, कुठंच हेलपाटा नको."

सोऱ्या माझ्या हातात तसाच राहिला. मग मी म्हटलं, "मधलं नाव तर बदलावं लागंल की गं, येडे!" आणि हे म्हणताना मी हसत होते, म्हणजे मनातून मी तिथंच हो म्हणून बसले होते.

मुलगा सोनपेठ तालुक्यातला. जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला. आमच्यासारखंच मेंढरामागं वाढलेलं घर. बँकेत कारकुनानं आडनावानं हाक मारली तर दोघंही उठले, तिथं ओळख झाली. पोरगं मी नंतर पाहिलं. बोलायला साधं, आणि आल्या आल्या आमच्या म्हशीच्या खुराकडं बघून म्हणालं, "काकू, हिला दुखतंय." दोन दिवसांपासून ती लंगडत होती आणि आमच्या घरात कुणालाच दिसलं नव्हतं. असा जावई कोण सोडील?

पण हो म्हणणारी मी कोण! घरात मोठे माझे सासरे. आमच्याकडं सून सासऱ्याला मामा म्हणते. मामांचं वय पंच्याहत्तरीच्या पुढं, तरी अजून वीस-पंचवीस मेंढरं घेऊन रोज रानात जातात. त्यांना ना भाऊ, ना चुलतभाऊ. लेक एकुलता एक, म्हणजे माझे मालक, आणि त्यांच्या तोंडातून दिवसाला चार शब्द निघाले तर सण म्हणायचा. मामांपुढं विषय काढला तर म्हातारा ताडकन उठला.

"एका आडनावात सोयरीक? भैन-भाऊ हायती ते! येड लागलंय का तुमाला?"

आमच्यात हा दस्तूरच आहे. आडनाव एक म्हणजे भावकी एक, रक्त एक. भावकीत कुणी गेलं की दहा दिवस सुतक धरायचं, गोड करायचं नाही, बाप्यांनी डोकी भादरायची. आणि भावकीत लग्न? नावच काढायचं नाही.

त्यात घर निघालं नेमकं तेच. काही वर्षांपूर्वी मामा सोनपेठच्या बाजाराला गेले होते. समोरून मेंढरं भरलेला टेम्पो आला, काचेवर मोठ्या अक्षरात आमचं आडनाव. मामांनी रस्त्यात उभं राहून टेम्पो थांबवला. आत मामांच्याच वयाचा म्हातारा. "कुठले तुमी?" "तुमी कुठले?" झालं! दोघांनी भररस्त्यात गळाभेट घेतली, मागं हॉर्न वाजतायत त्याची शुद्ध नाही. मामा घरी आले ते नाचतच. "मला भाऊ घावला!" तेव्हापासून येणं-जाणं. पुढं तो म्हातारा वारला. निरोप आला तेव्हा मी पुरण शिजवत होते. सगळं पुरण म्हशीला घातलं. मामांनी दहा दिवस सुतक धरलं, स्वतःचं डोकं भादरलं, मालकांचंही भादरायला लावलं. मुलगा त्याच म्हाताऱ्याचा नातू. तेव्हा तो शिकायला बाहेर, माझी लेक होस्टेलला, म्हणून दोघांनी एकमेकांना पाहिलंच नव्हतं.

"ज्याच्यासाठी डोकं भादरलं," मामा म्हणाले, "त्याच्या नातवाला नात देऊ? बिलकुल न्हाई."

लेक रडली नाही. माझीच आहे ती. तिनं मोबाइल काढला. कुठल्याशा साइटवर आडनावांची माहिती असते म्हणे: उगम कुठला, जगात माणसं किती, कोणत्या राज्यात किती. आमच्या आडनावापुढं लिहिलं होतं की हे फार दुर्मीळ, आणि मूळ कुठल्यातरी उत्तरेकडच्या राजघराण्याचं. आकडाही होता. मी तो सांगत नाही, कारण नुसत्या आमच्या तालुक्यातली माणसं मोजली तरी तो खोटा ठरेल. लेकीनं मोठ्यानं वाचून दाखवलं.

मामा म्हणाले, "राजे व्हतो तर मग मेंढरामागं बोंबलत कामून फिरलो?"

चिडले होते तरी सगळे हसलो. पण माझ्या डोक्यात तिथंच किडा शिरला. साइटवाल्यांना काय कळतंय, मोजणी माझं काम! मी नवी वही काढली.

दोन महिने सुट्टीच्या दिवशी मी तेच केलं. पिंगळी झाली, मानवत झालं, बाकी फोनवर. जिल्हाभर आमच्या सेविकांचं जाळं आहे. कुणाला म्हटलं, "ताई, तुमच्या गावात या आडनावाची घरं किती बघा की," तर संध्याकाळपर्यंत उत्तर हजर. प्रत्येक घराला विचारायची, मूळ गाव कोणतं, देवक कोणतं, कुलदैवत कोणतं. पहिल्या दहा घरांतच हात टेकले. देवक विचारलं की जो तो म्हणे पंचपल्लव, कुलदैवत विचारलं की खंडोबा. त्या हिशोबानं अर्धा महाराष्ट्र माझी भावकी!

मूळ गावाचं मात्र जमलं. आमचं आडनाव गोदाकाठच्या एका गावावरून पडलंय. तिथल्या सेविकेला फोन लावला. ती हसतच सुटली. "आवं ताई, आमच्या गावात या आडनावाचं एकबी घर न्हाई." असणार कसं? गावात राहणाऱ्याला गावाच्या नावानं कोण हाक मारील? गाव सोडलेल्यालाच ते चिकटतं. आणि मानवतला तर या आडनावाचा एक सोनार सापडला, एक शिंपी सापडला. मी मामांना म्हटलं, "सोनारबी आपल्याच आडनावाचा हाय. त्याच्यासाठीबी भादरता का?"

"जास्तीचं बोलू नको," मामा म्हणाले. "सोनाराचं येगळं. सोनपेठवाले आपल्यातलेच हायती."

मग मी एका रविवारी उठले आणि एसटीनं सरळ सोनपेठला गेले, तिथून रिक्षानं मुलाच्या घरी. मुलाची आजी, म्हणजे त्या टेम्पोतल्या म्हाताऱ्याची बायको, चुलीपुढं बसली होती. मला बघून तिला कोण आनंद! भाकरी, ठेचा, वर दह्याची वाटी. म्हणाली, "आमचं काय, लेकरं खूश तर आमी खूश. पण तुमचा म्हातारा आता दोन्ही घरांत थोरला. त्यानं हो म्हणलं पायजे."

जेवण चाललं होतं तेवढ्यात मेंढरं घरी आली. एका मेंढीनं माझ्या ताटाकडं तोंड लांबवलं. मी तिला ढकलायला कान धरला, आणि घास हातातच राहिला.

मेंढीच्या कानात घराची खूण असते. कोकरू थोडं मोठं झालं की कान कापून खूण करतात, म्हणजे कळप मिसळले तरी आपलं मेंढरू ओळखू येतं. आमची खूण डाव्या कानाला: टोक कापलेलं, मधोमध एक चीर. भाऊ वेगळे झाले की एक चीर वाढवतात, पण कान तोच. कान कधी बदलत नाही, हे लग्न होऊन आल्यावर मामांनीच मला शिकवलं होतं. या मेंढीचा डावा कान साबूत होता. खूण उजव्या कानाला, मागच्या कडेला दोन खाचा. मी हात न धुताच उठले. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. सगळ्यांचा उजवाच! आजी म्हणाली, "अगं, जेव की आधी!"

दोन वेगळी घरं. कधीकाळी दोघांचीही मेंढरं त्या गोदाकाठच्या गावात बसली असतील, म्हणून आडनाव एक पडलं. रक्ताचा संबंध नाही. परतीच्या एसटीत मला उभ्यानं जागा मिळाली, पण मी जणू पालखीत बसून आले.

मामा मेंढरांच्या वाड्याची जाळी दुरुस्त करत बसले होते. मी धापा टाकतच सांगितलं, "मामा, त्यांचा कान उजवा हाय! आपून भावकी न्हाई!"

त्यांनी मान वर केली नाही. "मला ठाव हाय."

"ठाव हाय? कधीपासून?"

"टेम्पो थांबवला त्याच दिशी. आधी आडनाव वाचलं, मग मागची मेंढरं बघितली."

माझा असा संताप झाला की काय सांगू! दोन महिने मी उन्हातान्हात वणवण केली, लेकीचा जीव टांगणीला लागलेला, आणि हे गप्प! "मग डोकं कामून भादरलं? माझं पुरण कामून म्हशीला घालायला लावलं?"

जाळी बाजूला ठेवून ते म्हणाले, "तुझी सासू गेली तवा आपल्या घरात बाप्ये दोन. खांदा द्यायला चार लागतात. शेजारचे आले असते, न्हाई म्हणत न्हाई. पण सोनपेठहून तो टेम्पो आला, सात-आठ जण उतरले, आणि कुणाला काई न इचारता खांद्याखाली गेले. दहा दिवस राहिले, भादरून गेले. आता सोयरे झाले की सोयऱ्यावानी येतील. च्या पितील, जातील. मी मेल्यावर दहा दिवस कोण धरंल गं? तुझा नवरा एकटाच?"

माझा राग कुठल्या कुठं गेला. मी त्यांच्या शेजारी मातीत बसले आणि मला रडू आलं. दोन महिने मी आडनावाची घरं मोजत होते, आणि हा म्हातारा आपल्यामागं किती माणसं राहतील ते मोजत होता. माझ्या वहीत तो रकानाच नव्हता. 

चार दिवसांनी मामा आंघोळ करून, धुतलेला फेटा बांधून दारात उभे. "सुपारी फोडायला कधी जायचं म्हणता?" मालकांकडं बघून म्हणाले. मालक म्हणाले, "रविवारी." त्या दिवसाचे त्यांचे शब्द तेवढेच.

रविवारी सोनपेठला बैठक बसली. सतरंजीच्या त्या बाजूला मुलाकडचे, दाटीवाटीनं, पोरंसोरं धरून. या बाजूला मामा आणि मालक. मी आणि लेक दाराशी. सुपारी ताटात होती. मामांनी हात वर करून थांबवलं.

"आधी एक सांगतो. आपून भावकी न्हाई. कान येगळा हाय. मला पयल्या दिसापासून ठाव व्हतं आन् मी बोललो न्हाई. तुमाला फसवलं म्हणा. आता पोरीचं चांगलं व्हायलंय, म्हणून सांगायलोय."

माझ्या लेकीनं माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली. तेवढ्यात आतून आजी बाहेर आली, पदर सावरत, आणि हसायलाच लागली.

"आमच्या म्हाताऱ्याला काय डोळे नव्हते व्हय? तुमी तवा दोन मेंढरं घेऊन चालला व्हता की. त्यानं त्याच दिशी घरी येऊन सांगितलं मला. म्हणला, कान आपला न्हाई. पण माणूस लय एकटा दिसला. भाऊ म्हणून गळ्यात पडला, तर न्हाई कसं म्हणू?"

मामांनी फेट्याचं टोक डोळ्याला लावलं, आणि कुणी बघू नये म्हणून मालकांनी उगीच सुपारी उचलून बघितल्यासारखं केलं.

तेव्हा मुलाचा चुलता उठला. दांडगा गडी, त्यानंच माझ्या सासूला पुढचा खांदा दिला होता. सतरंजी ओलांडून तो आमच्या बाजूला आला, मामांना म्हणाला, "सरका जरा, तात्या," आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून बसला. मग समोर आपल्याच थोरल्या भावाकडं, मुलाच्या बापाकडं बोट करून खड्या आवाजात म्हणाला, "हं, आता बोला. पण आधीच सांगतो, आमची पोरगी नोकरी सोडणार न्हाई."