जास्वंदीमागचं पोपटी दार

फोटोच्या ग्रुपवर कुणी "वा, मागचं काय सुंदर घालवलंय!" असं लिहिलं की हल्ली माझं डोकं सटकतं. पूर्वी याच वाक्यासाठी मी जीव टाकायचो.

लालबागच्या आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाला, सार्वजनिक नळाला लागून मावशीची, म्हणजे सगळ्या चाळीच्याच मावशीची, खोली आहे. खोली कसली, गॅलरीचाच शेवटचा तुकडा पत्रे ठोकून बंद केलेला. मावशी परळच्या इस्पितळात आया होती. नवरा गेल्यावर जुन्या मालकाने तो तुकडा तिला दिला, तोही तोंडी. वीज शेजारच्या मीटरवरची, रेशनकार्ड गावचं. दाराला मंडळाच्या मांडवातून उरलेला रंग फासलेला, डोळ्यांत घुसणारा पोपटी. आणि त्या दारासमोर रंगाच्याच रिकाम्या डब्यात तिची पिवळी जास्वंद. असं फूल मी राणीच्या बागेतसुद्धा पाहिलेलं नाही.

मी त्या फुलाचे फोटो काढायला लागलो तो साध्या मोबाइलवर. दादरला आमच्यासारख्या हौशी लोकांचा एक ग्रुप जमतो, तिथल्या ज्येष्ठांनी पहिलाच फोटो पाहून नाक मुरडलं. "फूल चांगलंय हो, पण लक्ष मागे जातं. ते दार आधी घालवा." मग मी एडिटिंग शिकलो. फूल वेगळं निवडायचं, मागचा उजेड उतरवायचा, रंग काढून घ्यायचा, उरलेलं धूसर करायचं. ऐकायला सोपं आहे. पण दार पोपटी आणि पानंही त्याच जातीची हिरवी, त्यामुळे दाराचा रंग उतरवला की पानंही आजारी दिसायची. मग एकेका पानाच्या कडेने बोट फिरवत बसायचं. दाराची कडी तर शेवटपर्यंत छळायची, उन्हात चमकून फुलाच्या खांद्यावर बसायची. ती पुसली की मला आंघोळ केल्यासारखं वाटायचं.

मावशीला तर हे फारच पसंत होतं. मोबाइल काढला की ती आतून ओरडायची, "माजा दार कित्याक दाखवतंस रे? मेल्या, लोक हसतले!" काळ्याभोर पार्श्वभूमीवरची जास्वंद दाखवली की खूश व्हायची. फोन भरत आला की मी मूळ फोटो उडवून टाकायचो. कोण ठेवतो मूळ? कचराच तो.

मग चाळ पाडायचं ठरलं. मंडळाच्या खोलीत मीटिंग झाली. आमचे सेक्रेटरी, म्हणजे माझ्या शेजारच्याच खोलीतले गृहस्थ, उभे राहून म्हणाले, "टोकाची खोली अलीकडची आहे. आत्ता चार-पाच वर्षांतली." मला वाटलं, चुकून बोलले. चुकून कसले! फ्लॅट फक्त जुन्या खोल्यांना मिळणार होते; एक खोली यादीतून गेली की बाकीच्यांच्या फ्लॅटना थोडी थोडी जागा वाढणार होती. वीस वर्षांहून जास्त काळ जिच्या दारावरून सगळे नळावर गेले, तिचं दार एकालाही आठवेना. सगळे पंख्याकडे बघत बसले. मावशी माझ्या शेजारी खुर्चीवर पदर आवळून बसली होती. घर मिळणार की रस्त्यावर जायचं, ते या लोकांच्या आठवणीवर ठरायचं होतं.

बिल्डरचा माणूस म्हणाला, "जुना फोटो असला तरी चालेल. दार दिसायला पाहिजे." झालं, सगळ्यांच्या माना माझ्याकडे. "ह्यांच्याकडे ढिगाने असतील!"

घरी येऊन मी फोन, लॅपटॉप, पेनड्राइव्ह सगळं पालथं घातलं. जास्वंदच जास्वंद. मागे काळोख. शेकड्यांनी फुलं आणि एकाही फुलामागे दार नाही. त्या ज्येष्ठांना दादरला जाऊन दोन शब्द ऐकवावेत असं वाटत होतं. अखेर एक फोटो सापडला. त्यात पाकळीची कड माझ्याकडूनच खराब झाली होती, म्हणून कंटाळून तसाच टाकलेला. मागे दार, कडी, आणि कडीवर मावशीचा हात. बारा वर्षांपूर्वीचा होता.

पुढच्या मीटिंगला तो मी बिल्डरच्या माणसापुढे ठेवला. त्याच्याआधी सेक्रेटरींनी उचलला, चष्मा वर करून पाहिला आणि हसले. "तुमचं काय सांगावं साहेब, तुम्ही एडिटिंगवाले. जे घालवता येतं ते घालताही येत असेल की!"

अख्खी खोली हसली. ज्यांनी माझ्या फुलांना लाइक दिले, वाढदिवसाला त्यांचे फोटो फ्रेम करून मागितले, ते सगळे हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडलं तेव्हा आवाज माझा आहे की नाही असं मलाच वाटलं.

"मग तुमच्या हळदीचा अल्बम काढा!" मी म्हणालो. "तुम्हाला न्हाऊ कुठे घातलं?"

खोलीतलं हसू थांबलं. कारण आमच्या मजल्यावर हळद लागली की नवऱ्याला काय, नवरीला काय, न्हाऊ घालायचं ते गॅलरीच्या टोकाला, नळापाशी, पाटावर बसवून. फोटोग्राफर समोर उभा राहणार. मागे काय येणार? दुसरं काही येऊच शकत नाही. ह्या मजल्यावर लग्न झालेल्या प्रत्येकाच्या पाठीमागे ते दार आहे, आणि हे प्रत्येकाला माहीत होतं.

सेक्रेटरी म्हणाले, "अल्बम कुठे असेल आता, शोधावा लागेल."

"कपाटात आहे," दारातून त्यांची बायको म्हणाली. तिच्या दोन्ही बाळंतपणांत पोरांना मावशीने न्हाऊ घातलं होतं. नवऱ्याकडे न बघता ती जिना चढून गेली आणि अल्बम घेऊन आली.

पहिल्या पानावर सोनेरी अक्षरांत लग्नाची तारीख, वीस वर्षांपूर्वीची. आत सेक्रेटरी, पिवळेजर्द, उघडेबंब, पाटावर. डोक्यावरून पाणी ओघळतंय. मागे पोपटी दार, रंग अजून ताजा. दारात मावशी, हातात कोरडा टॉवेल घेऊन. जास्वंदीचा डबा तेव्हा नव्हता. बिल्डरच्या माणसाने पान जवळ घेऊन पाहिलं. "ह्याचा नीट फोटो काढून मला पाठवा," तो मला म्हणाला. सेक्रेटरी आपल्या खुर्चीत पुढे वाकून बसले होते. मला त्यांची कीव आली नाही, अजूनही येत नाही.

उजेडासाठी आम्ही गॅलरीत आलो. मावशीने अल्बम माझ्यापुढे दोन्ही हातांनी धरला. मी मोबाइल रोखला आणि थांबलो.

"मावशी, अंगठा काढ."

"नको रे," ती हळूच म्हणाली. "सायबाक दाखवचा तर ता दार बरा दिसणा नाय."

तिने अंगठा नेमका दारावर ठेवला होता. मी तो धरून बाजूला केला आणि फोटो काढला.