भुताच्या पाठीची चेन

आमच्या घरी भुताला मज्जाव होता, भुताच्या सिनेमाला नव्हता. पप्पा वरळीच्या आमच्या चाळीतल्या विहारात पोरांना शिकवायचे, की भूतबित काही नसतं. आणि रविवारी दुपारी भाड्याने व्हिडिओ आणून सगळ्या मजल्यासोबत भुताचाच सिनेमा बघत बसायचे. मी त्यांच्या पाठीमागे लपले की म्हणायचे, "घाबरतेस काय? चेन शोध." आणि खरंच, केसाळ राक्षस वळला की त्याच्या पाठीवर चेन दिसायची, माझ्या दप्तराला होती तशीच. मग मी इतकी खिदळायचे की शेजारच्या काकू ओरडायच्या.

अजूनही मी तेच सिनेमे बघते. ऑफिसातल्या मैत्रिणी विचारतात, असल्या भिकार सिनेमात तुला दिसतं तरी काय? आता काय सांगणार! बक्कळ पैसे ओतलेल्या सिनेमातलं भूत बिनचूक असतं, त्याला मी खरोखर घाबरते. या स्वस्तातल्या भुताची चेन सापडली, की अजून पप्पांच्या पाठीमागे बसल्यासारखं वाटतं.

गेल्या वर्षापासून पप्पा माझ्याकडे परळला असतात. माणसांची नावं विसरतात. आताशा त्यांना कपाटाजवळ कुणीतरी उभं दिसतं. डॉक्टर म्हणाले, या आजारात असं होतं. वाद घालू नका, जवळ जाऊन बसा. मी मान डोलावली.

पण आठवड्यात मला एक रविवार काय तो मिळतो. परवाच्या रविवारी दुपारी मोबाईलवर जुना सिनेमा लावून पाय पसरले, तेवढ्यात आतून हाक आली, "अगं, तो आलाय."

मला राग आला, खोटं कशाला बोलू? मोबाईलवरची नजर न काढता मी बसल्या जागेवरून ओरडले, "चेन शोधा, पप्पा!" आणि आपल्याच विनोदावर हसलेसुद्धा.

पुन्हा हाक आली नाही. बरं झालं, विसरले असतील, असं म्हणत मी सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. सांगायला लाज वाटते, पण पाहिला.

मग चहा घेऊन आत गेले. पप्पा पलंगाच्या कोपऱ्यात, गुडघे पोटाशी घेऊन, भिंतीला चिकटून बसले होते. नजर कपाटावर.

"कधीचा बघतोय गं," ते हळूच म्हणाले, "पण तो वळतच नाही."