एक हाड सापडल्यानंतर

अपघातात सापडलेल्या तुमच्या माणसाचा सीटी स्कॅन सगळ्यांत आधी कोण बघतं, कधी विचारलंय? मोठ्या डॉक्टरांचा रिपोर्ट मागाहून येतो. आधी बघतो तो सर्जरी शिकणारा, कालपासून उभा असलेला एखादा पोरगा. त्याला कालपासून उभं कुणी ठेवलं, यावर मी एरवी तासभर भांडेन. आज अशाच एका पोराबद्दल सांगायचंय. तो माझा मावसभाऊ, आणि अख्ख्या नाशकात इतक्या चिवट नजरेचा माणूस दुसरा नाही.

गेल्या वर्षभरात त्याला खोड लागलीय. कुठलाही फोटो तो कोपऱ्यापासून बघतो. माझ्या बहिणीच्या लग्नाचा अल्बम हातात दिला, तर नवरा-नवरी सोडून याने मांडवाच्या टोकाला जेवणारे आधी तपासले. 'हे काका एकाही फोटोत डावा हात वर करत नाहीत. खांदा दाखवायला सांग.' मावशीने त्याच्यासाठी सांगून आलेल्या मुलीचा फोटो पुढे केला, तर म्हणे, 'हिचं गळ्याजवळचं हाड लहानपणी मोडलं असणार.' मुलीकडच्यांनी ते कबूल केलं, आणि स्थळही मोडलं. मावशीने कपाळाला हात लावला, 'मेल्या, चेहरा बघायचा असतो रे!'

'तो शेवटी,' हा म्हणाला.

परवा दुपारी मी त्याचा डबा घेऊन हॉस्पिटलात गेलो, तेव्हा दिंडोरीकडे द्राक्षबागेतल्या मजुरांची ट्रॉली उलटली होती. एका बाईचा सीटी पडद्यावर होता. कंबरेचं हाड मोडलेलं मलासुद्धा दिसलं. 'सापडलं!' म्हणत बाकीचे हाडांच्या डॉक्टरांना फोन लावायला वळले. हा मात्र पुन्हा छातीपासून सुरू झाला, एकेक चित्र सरकवत. दारातून तिचा नवरा ओरडला, 'ओ डॉक्टर, कंबर मोडली हाय म्हनता ना? मंग टीव्ही काय बघत बसलाय?'

'दादा, एक सापडलंय. दुसरं नाही ना, एवढं बघू द्या.'

दुसरं होतं. डाव्या बरगड्यांखाली पानथरी, म्हणजे प्लीहा, फाटून पोटात रक्त साचत होतं. बाईला धावतच ऑपरेशनला नेलं. ती वाचली.

संध्याकाळी गार डबा उघडताना मी त्याची पाठ थोपटली. तो भात चिवडत राहिला. 'गेल्या वर्षी एक माणूस आला होता. बरगडी मोडलेली सापडली, आणि मी खूश झालो रे. बाहेर घरचे घाई करत होते. पुढचं बघितलंच नाही. तो गेला.'

म्हणून तुमच्याकडे एक मागतो. आपलं माणूस आत असताना जीव थाऱ्यावर नसतो, कळतं मला. तरी पडद्यासमोरच्या त्या थकलेल्या पोरावर ओरडू नका. काय, कुठे, कसं आदळलं ते त्याला नीट सांगा, आणि दुसऱ्यांदा बघू द्या.