होडीवाल्याच्या गोष्टीचं ऑल्टरेशन

ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काचेला लागून जे शिलाई मशीन आहे, त्यावर बसणाऱ्या बाईला सगळी गल्ली टाचणी म्हणते. एक तर तिच्या ओठांत कायम चार टाचण्या धरलेल्या असतात, आणि त्या काढल्यावर ती जे बोलते तेही टोचतंच. तोंडावर अर्थात सगळे तिला ताई म्हणतात. नवे कपडे ती शिवत नाही. विकत घेतलेले, कुणी दिलेले, सुटलेल्या-आटलेल्या अंगांना न बसणारे कपडे ती ऑल्टर करते. आठवीत असताना वडिलांनी तिला शाळेतून काढून एका शिंप्याच्या हाताखाली बसवलं, तेव्हापासून हेच. का काढलं, ते त्यांनी सांगितलं नाही. तिने विचारलं तेव्हा ते चपला घालून बाहेर निघून गेले. मरेपर्यंत तो विषय त्यांच्या तोंडून निघाला नाही, आणि हिच्या मनातून गेला नाही.

अशी अठ्ठावीस वर्षं झाली, आणि बेचाळिसाव्या वर्षी ती नववीत जाऊन बसली. निमित्त झालं एका गिऱ्हाइकाचं. शिवणकाम शिकवणाऱ्या संस्थेच्या मुख्याध्यापिका कोट न्यायला आल्या होत्या. बाही उलटसुलट करून बघत त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे बारावीचा कागद असता ना, तर आमच्या वर्गावर उभं केलं असतं तुम्हाला." त्या कोट घेऊन गेल्या, पण ते वाक्य मागे ठेवून गेल्या. आठवड्याभरात टाचणीने मोठ्यांच्या शाळेत नाव घातलं. वर्ग दुपारी तीन ते पाच, म्हणजे दुकानात माश्या मारायची वेळ.

गणित तिने मोजपट्टीच्या जोरावर मारून नेलं. इतिहास घोकला. नाकी नऊ आणले ते इंग्रजीने. इंग्रजीचे सर वयाने तिच्या निम्मे. पहिल्याच दिवशी तिने त्यांना भर वर्गात सांगितलं, "सर, तुमची पँट बोटभर लांब आहे." त्यानंतर वर्ग त्यांना घाबरायचा बंद झाला.

नववीला छोट्या गोष्टी होत्या. एकेका ओळीला डिक्शनरी उघडायची, आणि अडलेल्या शब्दाखाली शिंपीखडूने रेघ मारायची. खडू झटकला की जातो, त्यामुळे वाचनालयाची तक्रार नव्हती. दहावीला तीनशे पानांची कादंबरी. तिचा नवरा बस ड्रायव्हर. ड्यूटीवरून आला की बूट काढता काढता विचारायचा, "आज कोण मेलं?" आणि ती खरंच सांगायची. अकरावीला नाटक वाचताना तिच्या वाट्याला म्हातारा राजा आला. तो तिने असा काही झोकात वाचला की शेजारच्या वर्गातले लोक दारात येऊन उभे राहिले. निबंधांवरची सरांची लाल शाई वर्षागणिक कमी होत गेली.

बारावीला मात्र माशी शिंकली.

वर्षाचे निम्मे मार्क एका गोष्टीवरच्या लांब निबंधाला होते. गोष्ट एका होडीवाल्याची. त्याने मुलीला कबूल केलेलं असतं, की नदीपलीकडच्या शाळेत तुला मी सोडीन. शाळेचा पहिला दिवस उजाडतो, मुलगी दप्तर घेऊन होडीत बसते, आणि बाप दोर सोडतच नाही. तिच्याकडे पाठ करून काठावर बसून राहतो. एक शब्द बोलत नाही. गोष्ट संपली.

टाचणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने आठ पानं लिहिली. गोष्ट कुठे सैल पडली आहे, कुठे ओढली गेली आहे, ते दाखवलं आणि शेवट उसवून नवा घातला. तिच्या शेवटात होडीवाला उठतो, मुलीसमोर बसतो, सगळं खरं खरं सांगतो आणि तिची माफी मागतो. फिटिंग अगदी चोख. तयार कपडा घडी घालून द्यावा तसा तिने तो निबंध सरांच्या हातात दिला.

सरांनी शून्य मार्क दिले.

"इंग्रजी छान आहे, ताई," सर म्हणाले. "पण प्रश्न होता, लेखकाने हा शेवट कसा साधला. तुम्ही तो शेवटच बदललात."

"बसत नव्हता, सर."

"कुणाला बसत नव्हता?"

ती म्हणाली, "आमच्याकडे कुणी कपडा नुसता बघायला आणत नाही."

सरांना हसू आलं, पण शून्य काही हललं नाही. नियमाने एकच संधी उरली होती. तीन आठवड्यांत नवा निबंध द्यायचा, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर बसून त्यावर बोलायचं. त्यात गेली की वर्ष गेलं. शिवणकामाच्या संस्थेतली शिकवायची जागा याच उन्हाळ्यात रिकामी होत होती, आणि ती काही हिच्यासाठी थांबणार नव्हती.

चार दिवस ती धुसफुसत राहिली. नवऱ्याला म्हणाली, "सोडून देते." तो म्हणाला, "दे. पण मग कोण मेलं ते मला कळणार कसं?" ती हसली नाही.

पाचव्या दिवशी एक गृहस्थ जुना कोट घेऊन आले. डाव्या खांद्यात भर जास्त होती, उजव्यात कमी. कुणा अर्धवट शिंप्याचं काम, असं पुटपुटत तिने भर काढायला कात्री उचलली. पण सवयीने आधी अस्तर उलटलं. आतली टीप इतकी बारीक आणि सरळ होती, की असा हात चुकेल हे तिला पटेना. तिने गृहस्थांना कोट अंगात घालायला लावला. त्यांचा डावा खांदा जन्मापासून खाली होता. पहिल्या शिंप्याने तो पाहून, मोजून भर घातली होती. तिने कात्री खाली ठेवली. आपण आत्ता काय करून बसलो असतो, असं पुटपुटत तिने अस्तर होतं तसं सारखं केलं.

दुकान रिकामं झाल्यावर तिने गोष्ट काढली आणि खडू घेतला. यावेळी अडलेल्या शब्दांखाली नाही, जिथे जिथे बाप आहे तिथे तिथे रेघ मारली. शाळेच्या आदल्या आठवड्यात तो होडीच्या तीन फटी बुजवतो. घंटा किती वाजता होते, हे मुलीला दोनदा विचारतो, आधी सांगितलेलं असूनही. त्या दिवशी तो तिच्याआधी उठलेला असतो, आणि वल्ह्यांना ताजं तेल लावलेलं असतं. बापाला बोलायला लावायचं विसरलेला लेखक एवढं सगळं कशाला लिहील?

तिला शिंप्याचं जुनं दुकान आठवलं. वडील दर शनिवारी समोरच्या फुटपाथवर येऊन उभे राहायचे, आत कधी यायचे नाहीत. आपण कामचुकारपणा करतो का ते बघायला येतात, असं तिने तेव्हा धरलं होतं आणि आजवर तेच धरून चालली होती. तसंही असेल. पण आता तिला खात्री वाटेना. काचेकडे पाठ करून ती बराच वेळ रडली, आणि मग निबंधाचं पहिलं वाक्य लिहिलं.

परीक्षक म्हणून एक वयस्क बाई आल्या होत्या. शेजारी सर, स्वतः परीक्षेला बसल्यासारखे. बोलणं सगळं इंग्रजीत झालं.

"निबंध नेटका आहे," परीक्षकबाई म्हणाल्या. "पण मला ही गोष्ट अपुरी वाटते. बापाने दोन शब्द बोलायला काय हरकत होती?"

गिऱ्हाईक म्हणेल तसं करून द्यायचं, ही टाचणीची आयुष्यभराची सवय. तिने हात मांडीवर घट्ट धरले.

"मी बोलायला लावलं होतं त्याला, मॅडम. शून्य मिळालं."

सर छताकडे बघू लागले.

"आणि आता?"

"आता नाही लावणार. तो बोलला, तर मुलगी रागावेल किंवा माफ करेल, आणि तिथेच सगळं संपेल. तो बोलत नाही, म्हणून तिला त्याच्या हातांकडे बघावं लागतं. ज्यांचे वडील बोलले नाहीत, त्यांना ही गोष्ट अशीच बसते. हिला कुणी हात लावू नये."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग कागदावर आकडा लिहून तो सरांकडे सरकवला. सरांनी तो बघितला आणि त्यांच्या चेहऱ्यावरून टाचणीला कळलं.

फाटकाशी नवरा उभा होता, दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात, ड्यूटीच्याच कपड्यांत.

"काय झालं?"

"पास. उन्हाळ्यानंतर वर्गावर उभी राहणार."

"मग रडतेस कशाला?"

"बाबांशी भांडण होतं ना माझं. ते मिटलं."

"बत्तीस वर्षांनी?"

"हो," डोळे पुसत टाचणी म्हणाली, "आणि तेही इंग्रजीतून."